आयर्लंडची गावनावं आणि त्यांतलं शेतीजीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये राहायला गेलेले, तिथे फिरून आलेले किंवा घरबसल्या नकाशे वाचणारे मराठी लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. आयरिश शब्द इथे देवनागरीत उच्चाराच्या जवळपास लिहिले आहेत. तिथेही प्रांतागणिक उच्चार बदलतो. त्यामुळे कोणी वेगळं म्हणताना ऐकलंत, तर तेही बरोबर असू शकेल.

टाउनलँड म्हणजे गाव का?

नाही. 'टाउन' या शब्दामुळे सगळेच फसतात. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान तुकडा, ज्याला स्वतःचं नाव आणि ठरलेली हद्द असते. त्यात चार घरं असतील, चाळीस असतील, एकही नसेल. सातबाऱ्यावर 'मौजे' लिहून पुढे जे नाव येतं, तशीच ही कल्पना. फक्त आकार बराच लहान. साऱ्या बेटावर मिळून सुमारे ६१,००० टाउनलँड आहेत. सरासरी क्षेत्र सव्वातीनशे एकरांच्या आसपास येतं, पण सरासरीवर विसंबू नका. टिरोन काउंटीत एक टाउनलँड एकरभरही नाही आणि गॉलवेच्या ओसाड भागात एक सात हजार एकरांचा आहे. टाउनलँडच्या वर पॅरिश, तिच्यावर बॅरनी, मग काउंटी आणि प्रांत. बऱ्याच टाउनलँडांच्या हद्दी बाराव्या शतकात नॉर्मन आले त्याच्याही आधीच्या आहेत. ओढा, बांध, दलदलीची कड, डोंगराची धार अशा खुणांवर त्या चालतात. एवढी जुनी आणि एवढी बारीक विभागणी आजही टपालात आणि जमिनीच्या कागदपत्रांत वापरात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एवढ्या नावांची सुरुवात बॅली, किल, नॉक, ड्रम यांनीच का होते?

कारण ती वर्णनं आहेत. 'बाल्ये' म्हणजे वस्ती, तेच इंग्रजीत बॅली झालं. 'क्नोक' म्हणजे टेकडी, त्याचं नॉक. 'ड्रिम' म्हणजे लांबट टेकाड, पाठीच्या कण्यासारखं वर आलेलं, त्याचं ड्रम. 'क्लुअन' म्हणजे ओलसर कुरण. क्लोनमेल म्हणजे मधाचं कुरण. हे नाव कानाला गोड लागावं म्हणून ठेवलेलं नाही. मधमाश्या पाळणं हा तिथे गंभीर व्यवहार होता. सातव्या शतकातला एक आयरिश कायदेग्रंथ फक्त मधमाश्यांवर आहे. एकाच्या माश्या शेजाऱ्याच्या जमिनीवर चरायला गेल्या तर भरपाई काय द्यायची, हा प्रश्न त्यात बारकाईने सोडवला आहे.

'आ' म्हणजे नदीचा उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं. पूल नव्हते तेव्हा उतार हाच रस्ता आणि तिथेच वस्ती. डब्लिनचं आयरिश नाव 'बाल्ये आ क्लीआ' म्हणजे फांद्या विणून केलेल्या ताट्या टाकलेल्या उताराचं गाव. द्रोहेडाचा अर्थ 'उतारावरचा पूल', म्हणजे आधी काय होतं आणि नंतर काय बांधलं याचा क्रम नावातच नोंदलेला आहे. मात्र प्रत्येक 'बॅल' म्हणजे वस्ती नव्हे. मेयो काउंटीतलं बॅलिना हे 'बेल अन आ', उताराचं तोंड.

मग 'किल' म्हणजे चर्च की जंगल?

दोन्ही. 'किल' म्हणजे चर्च आणि 'कैल' म्हणजे रान. इंग्रजी लिपीत दोघांचं बहुतेक वेळा एकच रूप झालं. किल्केनी हे संत कॅनिसचं चर्च. कॉनेमारातलं कायलमोर म्हणजे मोठं रान. पुढे संताचं नाव आलं तर चर्च आणि झाडाचं आलं तर रान, असा ठोकताळा लोक सांगतात, पण तो किलार्नीत मोडतो. किलार्नी म्हणजे स्लो या रानटी आंबट फळांचं चर्च. अशा वेळी म्हाताऱ्या माणसांचा उच्चार आणि जुनी कागदपत्रं हेच दोन आधार. नुसतं इंग्रजी स्पेलिंग पाहून अर्थ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नावांमध्ये गाई इतक्या का आहेत?

कारण जुन्या आयर्लंडमध्ये संपत्ती म्हणजे गाय. नाणी वापरात येण्याआधी दंड, खंडणी आणि माणसाची पत दुभत्या गाईंमध्ये मोजली जाई. जेवणाचा कणाही दूध, दही, लोणी, चीज हाच. या पदार्थांना मिळून 'पांढरं अन्न' असं नाव होतं. बटाटा फार नंतर आला. परदेशी माणसाच्या डोक्यात आयर्लंड आणि बटाटा ही जोडी घट्ट बसली आहे, पण गावनावांत बटाट्याला जवळपास स्थान नाही. ती नावं पडून गेल्यावर तो आला.

'बो' म्हणजे गाय. गॉलवेच्या किनाऱ्यापलीकडचं इनिशबोफिन म्हणजे पांढऱ्या गाईचं बेट. रस्त्यासाठीचा रोजचा आयरिश शब्द 'बोहर' हाही 'बो'वरूनच आला. एका जुन्या कोशात त्याची रुंदी सांगितली आहे : एक गाय लांबीत आणि एक आडवी मावेल एवढी. डब्लिनच्या मध्यवस्तीत स्टोनीबॅटर नावाचा भाग आहे, त्यातलं 'बॅटर' म्हणजे हाच बोहर. आज तिथे कॉफीची दुकानं आहेत, पण नाव गुरं हाकलत नेण्याच्या दगडी वाटेचं आहे.

डुकरंही आहेत. किलार्नीजवळचं मक्रॉस म्हणजे डुकरांचं भूशिर. ओकच्या रानात पडणाऱ्या फळांवर डुकरं पोसली जात, म्हणून रान आणि डुक्कर जोडीने येतात.

'बूली' किंवा 'बोली' असलेली नावं कशाची?

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ग्रामीण आयर्लंड समजायला याहून चांगलं दार नाही.

'बुअल्ये' म्हणजे उन्हाळी गुरांचा तळ. १ मेला, म्हणजे 'ब्यॉलतना'च्या सणाला, गुरं खालच्या वस्तीतून डोंगरावर नेत आणि १ नोव्हेंबरच्या 'साउन'ला परत आणत. यामागे सरळ हिशोब होता. खाली ओट आणि बार्ली उभं असे आणि शेतांना पक्की कुंपणं नसत. गुरं खाली ठेवली तर पीक गेलं. डोंगरावरचं गवत मात्र याच महिन्यांत खाण्याजोगं असे. शिवाय खालच्या कुरणांना विश्रांती मिळे आणि हिवाळ्यासाठी गवत राखता येई.

वर बहुतेक तरुण मंडळी राहत, त्यातही मुली जास्त. दगड, माती आणि गवताच्या ढेकळांची छोटी खोपटं असत. दूध काढायचं, लोणी घुसळायचं आणि वेळोवेळी खाली पाठवायचं हे काम त्यांच्याकडे. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीत कधीकधी शेकडो वर्षांपूर्वी पुरून ठेवलेल्या लोण्याचे गोळे सापडतात. थंड, हवाबंद दलदलीत ते टिकलं.

वेक्सफर्डमधलं बूलावोग म्हणजे संत मेओगच्या नावाचा गुरांचा तळ. इंग्रज सत्तेविरुद्धच्या १७९८च्या उठावामुळे हे नाव साऱ्या देशाला ठाऊक झालं, पण त्याचा जन्म गुराख्यांच्या कामातून झाला. सोळाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना ही पद्धत डोळ्यांत खुपत असे, कारण डोंगरावर पांगलेल्या माणसांवर लक्ष ठेवता येत नसे. तरीही ती चालू राहिली. बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकापर्यंत ती संपली, पण मेयोच्या अकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याला ती विसाव्या शतकात शिरेपर्यंत टिकली. तिथली दगडी घरांची ओसाड रांग आजही उभी आहे. खोपटी मातीला मिळालेल्या बाकीच्या डोंगरांवर मात्र नाव हाच बहुधा उरलेला पुरावा. तिथे डोंगरावर गुरं आणि माणसं होती, तीही दर वर्षी, हे ते नाव सांगतं.

लिस, राथ, काहेर, कॅशेल या नावांत काय आहे?

मातीच्या किंवा दगडी गोल तटाने वेढलेलं एका कुटुंबाचं घर. मातीचा तट असेल तर 'लिस' किंवा 'रा', दगडी असेल तर 'काहर' किंवा 'कॅशल'. लिस्मोर म्हणजे मोठा लिस. इंग्रजीत यांना रिंगफोर्ट म्हणतात, पण 'किल्ला' ऐकून सैन्य डोळ्यांपुढे आणू नका. बहुतेक साधी शेतकऱ्यांची घरं होती. लांडग्यांपासून आणि गुरंचोरांपासून जनावरं वाचवण्यासाठी तट. मुख्यतः इ.स. ५०० ते १००० या काळातले असे सुमारे ४५,००० गोल आयर्लंडमध्ये मोजले जातात. ते उरले याचं एक कारण लोकांची भीती. हे गोल 'शी'चे, म्हणजे अदृश्य लोकांचे, अशी समजूत असल्याने पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी त्यांच्यावर नांगर घातला नाही. पुरातत्त्व खात्याच्या कितीतरी आधी या भीतीने वारसा जपला.

जी झाडं आणि प्राणी आता नाहीत, ती नावांत सापडतात का?

हो, भरपूर. डेरी म्हणजे ओकचं रान. किल्डेअर ओकचं चर्च, मेयो यू वृक्षांचं मैदान, यॉल म्हणजे यूचं रान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये जेमतेम एक टक्का जमिनीवर जंगल उरलं होतं. आज ते अकरा टक्क्यांच्या आसपास आहे, पण त्यातलं बरंचसं बाहेरून आणलेल्या सूचिपर्णी झाडांचं. नकाशावरची नावं मात्र जुन्या रानाची यादी देतात. गाव उघड्या माळावर असूनही नावात 'डेरी' असेल, तर तिथे कधीतरी ओक होते असं समजायला हरकत नाही.

मेयोतलं ब्रेफी म्हणजे लांडग्यांचं मैदान. अठराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमधले लांडगे संपले. केरीत 'स्लीव्ह अन इलर' म्हणजे गरुडाचा डोंगर आहे. तिथले गरुडही नाहीसे झाले होते. समुद्री गरुड २००७ पासून केरीत पुन्हा आणून सोडले गेले. नाव होतं त्याच मुलखात पक्षी परतला, हे वाचून मला खरोखर आनंद झाला होता.

कॅरो, कॅरू अशी नावं कशी पडली?

'क्याहरू' म्हणजे चौथाई. मोठ्या जमिनीचे चार हिस्से करत, त्यातला एक. कॅरोमोर म्हणजे मोठी चौथाई, कॅरोकील म्हणजे अरुंद. 'लवॅली' म्हणजे अर्धी वस्ती. मोजमाप चौरस फुटांत नव्हतं, जमीन किती देते यावर होतं. पश्चिमेकडे 'एका गाईचं गवत' हे क्षेत्राचं एकक होतं : एक गाय पोसेल एवढी जमीन. म्हणून सुपीक भागातले टाउनलँड लहान आणि खडकाळ भागातले अफाट. ६१,००० तुकड्यांचे आकार असे वेडेवाकडे का, याचं उत्तर इथे मिळतं.

गिरणी, बाजार, आजार यांची नावं आहेत का?

आहेत. मलिंगर म्हणजे उलटी फिरणारी गिरणी. संत कोलमनच्या चमत्काराची कथा तिला जोडलेली आहे. पाणचक्क्या आयर्लंडमध्ये फार जुन्या. उत्तरेत नेंड्रम मठाजवळ भरतीच्या पाण्यावर चालणारी गिरणी इ.स. ६१९ची आहे. नीना हे टिपररीतलं गाव 'एनख', म्हणजे जत्रा-बाजार. आधीच्या 'अन' या उपपदातला 'न' इंग्रजीत नावाला चिकटून राहिला. गोर्ताहोर्क म्हणजे ओटचं वावर. आणि डब्लिनचं लेपर्ड्सटाउन, जिथे घोड्यांच्या शर्यती होतात, त्याचा बिबट्याशी काहीही संबंध नाही. ते 'बाल्ये ना लौर', कुष्ठरोग्यांची वस्ती. गॉलवेच्या किनाऱ्यावरचं स्पिडल म्हणजे इस्पितळ.

या नावांचं इंग्रजी रूप कोणी ठरवलं?

ठरवून कायम केलं ते १८२४ मध्ये सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्व्हेने, म्हणजे सरकारी जमीनमोजणीने. इंग्रजी धाटणीची स्पेलिंगं त्याआधी दोन-अडीचशे वर्षं कारकुनांच्या दप्तरांत होतीच, पण एकाच जागेची दहा-दहा रूपं होती. शेतसाऱ्यासारखा स्थानिक कर न्याय्य बसवण्यासाठी टाउनलँडांच्या हद्दी नक्की करणं भाग होतं. थॉमस कोल्बी यांच्या हाताखाली सारं बेट मैलाला सहा इंच या प्रमाणात मोजलं गेलं आणि १८३३ ते १८४६ या काळात काउंटीवार नकाशे निघाले.

नावांचं काम जॉन ओ'डोनोवन यांच्याकडे आलं. १८०६ मध्ये किल्केनी काउंटीत शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले, आयरिश उत्तम जाणणारे. ते काउंटीमागून काउंटी पायी फिरले, गावातल्या वडीलधाऱ्यांना नाव म्हणायला लावलं, जुन्या हस्तलिखितांशी ताडून पाहिलं, आयरिश रूप नोंदवलं आणि मग जवळात जवळचं इंग्रजी स्पेलिंग सुचवलं. 'इंग्रजांनी नावं बिघडवली' एवढ्यावर हा विषय संपवणं मला अन्यायाचं वाटतं. इंग्रजी रूपाने नावाचा अर्थ झाकला हे खरं. पण ओ'डोनोवन यांच्या नोंदवह्या नसत्या तर तो अर्थ परत काढताच आला नसता. लगेच १८४५ला मोठा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. आयरिश बोलणारे गरीब त्यात सर्वाधिक होते. वीस वर्षं उशीर झाला असता तर अनेक टाउनलँडांत नाव सांगायलाच कोणी भेटलं नसतं.

याचा भारताशीही धागा आहे. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडची मोजणी पाहायला गेले होते. उष्णतेने लांबी बदलू नये म्हणून कोल्बी यांनी पितळ आणि लोखंड जोडून बनवलेल्या मोजपट्ट्या त्यांनी भारतात आणल्या आणि १८३१-३२ मध्ये कलकत्त्याची आधाररेषा, म्हणजे सगळ्या मोजणीचा पाया असलेली रेषा, याच पट्ट्यांनी मोजली गेली.

शेतांनाही वेगळी नावं असतात म्हणे?

असतात, आणि सगळ्यात जास्त धोक्यात तीच आहेत. विहिरीचं शेत, भट्टीचं शेत, बैलाचं कुरण, लिसाचं वावर. ही नावं सरकारी नकाशावर कधीच आली नाहीत. घरातल्या घरात चालत आली. यंत्रं आली, मधले बांध आणि झाडोऱ्याची कुंपणं काढून तीन शेतांचं एक केलं, की तीन नावं गेली. मीथ, लाउथ, किल्केनी या काउंट्यांत गावकऱ्यांनीच घरोघरी जाऊन ती गोळा केली. हे काम प्रत्येक काउंटीत व्हायला हवं.

डिंगलच्या पाटीचा वाद काय होता?

आयरिशभाषक पट्ट्यात, म्हणजे गेल्टाख्टमध्ये, २००४च्या आदेशाने फक्त आयरिश नावं अधिकृत ठरली. केरीतलं डिंगल कागदोपत्री 'अन डँगन' झालं. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने विरोध केला. ऑफली काउंटीत डँगन नावाचं दुसरं गावही आहे, त्यामुळे घोटाळा होईल हाही मुद्दा होता. २००६ मध्ये गावाने मोठ्या बहुमताने 'डिंगल' आणि आयरिशमध्ये 'डँगन ई खूश' अशी जोडी मागितली आणि २०११ मध्ये कायद्याने ती मान्य झाली. दोन्ही बाजूंचं प्रेम नावावरच होतं, असं मी म्हणेन.

पिनकोड आल्यावर टाउनलँडची गरज उरली का?

उत्तर आयर्लंडमध्ये १९७०च्या दशकात रस्त्यांना नावं आणि घरांना क्रमांक देताना टाउनलँड पत्त्यातून वगळले जाऊ लागले. लोकांनी मोहीम चालवली, पण काउंट्यांपैकी एकट्या फर्मानाने खरा प्रतिकार केला. दक्षिणेत २०१५ मध्ये एअरकोड आला. तो प्रत्येक पत्त्याला वेगळा सात अक्षरांचा संकेत देतो, कारण तिथली एक तृतीयांशाहून जास्त घरं कुणा ना कुणाशी तंतोतंत तोच पत्ता वाटून घेतात. एका टाउनलँडमध्ये तीन मर्फी असले तरी टपालवाल्याला कोण कुठे राहतं ते पाठ असतं. कोड वापरा, पण टाउनलँड लिहिणं सोडू नका.

आयरिश आडनावं आपल्या 'कर' आडनावांसारखी गावावरून येतात का?

सहसा उलट होतं. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. आडनाव पूर्वजावरून येतं आणि ते जमिनीला दिलं जातं : बॅलीमर्फी म्हणजे मर्फी घराण्याची वस्ती. कोकणात गावाचं नाव माणसाला लागतं. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं आडनाव मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं, म्हणजे तिथल्या संसदेत बरीच वर्षं सिंधुदुर्गातलं एक गावनाव रोज उच्चारलं जात होतं.

माझ्या आयर्लंडमधल्या पत्त्याचा अर्थ कसा शोधू?

प्रथम रस्त्यावरची पाटी पाहा. वर तिरक्या अक्षरांत आयरिश नाव असतं, खाली इंग्रजी. अर्थ वरच्या ओळीत आहे. मग 'लॉगनिम' हे सरकारी गावनावांचं संकेतस्थळ उघडा. तिथे आयरिश रूप, जुन्या नोंदी आणि अनेक नावांचे उच्चार ऐकायला मिळतात. सहा इंची जुने नकाशेही ऑनलाइन आहेत; घराच्या जागी पूर्वी लिस होता की चुनाभट्टी, ते त्यावर दिसतं. १९३७ ते १९३९ दरम्यान सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहिलेला लोककथांचा संग्रहही मोफत वाचता येतो, त्यात शेतांची नि विहिरींची नावं विखुरलेली आहेत. त्यानंतर शेजारच्या वयस्क शेतकऱ्याला नाव म्हणून दाखवायला सांगा. एकाच नावाचे टाउनलँड अनेक असतात, म्हणून शोधताना काउंटी आणि पॅरिश दोन्ही द्या.